जन्मावर ठेवलेला आरोप

गुन्हा म्हणजे कायद्याने मनाई केलेले आणि शिक्षेस पात्र ठरवलेले कृत्य, ही व्याख्या न्यायालयाचा कारभार चालवण्यास पुरेशी असली, तरी गुन्हा का घडतो, कोणाच्या हातून घडतो आणि त्याची किंमत समाज कोणत्या रूपाने मोजतो, हे समजून घेण्यास ती अपुरी पडते. या व्याख्येने शिक्षेचा संबंध कृत्याशी जोडला आहे, कर्त्याच्या कुळाशी नाही. शिवाय कायदा हा गुन्ह्याच्या कारणांपासून वेगळा असा त्यांच्यावरचा उपाय आहे, असेही तिच्यात गृहीत धरलेले असते. भारतात १८७१ पासून १९५२ पर्यंत या ना त्या स्वरूपात अमलात असलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने ही दोन्ही गृहीतके खोटी ठरवली. त्या कायद्यान्वये माणूस कोणत्याही कृत्यावाचून, केवळ जन्माने गुन्हेगार ठरत असे, आणि तसे ठरवले जाण्यातूनच पुढे गुन्हे निपजत असत. गुन्ह्याची मुळे रक्तात शोधायची की समाजाच्या रचनेत, या जुन्या वादात इतका विस्तृत आणि इतका क्रूर पुरावा क्वचितच हाती लागतो, आणि महाराष्ट्रातील गावांच्या वेशीबाहेर पडलेल्या पालांत तो आजही वाचता येतो.

गुन्ह्याच्या कारणांची पद्धतशीर चर्चा युरोपात अठराव्या शतकात सुरू झाली. इटलीतील विचारवंत चेझारे बेक्कारिया याने १७६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडले की, शिक्षेची कठोरता वाढवत नेण्यापेक्षा ती खात्रीने आणि लवकर होईल अशी व्यवस्था केल्यास गुन्ह्याला अधिक आळा बसतो, कारण माणूस लाभहानीचा विचार करून वागतो. शतकभराने त्याच देशातील चेझारे लोंब्रोझो या वैद्याने नेमका उलटा सूर लावला. कवटीची ठेवण, जबडा, कान अशा खुणांवरून ओळखू येणारा, उत्क्रांतीच्या मागच्या पायरीवर राहून गेलेला ‘जन्मजात गुन्हेगार’ असतो, असा सिद्धांत त्याने १८७६ मध्ये मांडला आणि तो काही काळ विलक्षण लोकप्रिय झाला. इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंग याने तीन हजारांहून अधिक कैद्यांची मोजमापे तपासून १९१३ मध्ये दाखवून दिले की, कैद्यांचा असा निराळा शारीरिक नमुना अस्तित्वात नाही, आणि तेव्हापासून लोंब्रोझोच्या मताचा शास्त्रीय आधार ढासळला. या इतिहासात एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. भारतातील कायदा लोंब्रोझोच्या ग्रंथाच्या पाच वर्षे आधीचा आहे. येथील राज्यकर्त्यांना जन्मजात गुन्हेगार शोधण्यासाठी कवट्या मोजाव्या लागल्या नाहीत. त्यांना जात पुरली.

या विचाराची पूर्वतयारी ठगांच्या बंदोबस्तात झाली होती. विल्यम स्लीमन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या मोहिमेच्या काळात, १८३६ मध्ये झालेल्या कायद्याने, ठगांच्या टोळीशी संबंध होता एवढे सिद्ध झाले तरी जन्मठेप देता येईल अशी तरतूद केली, म्हणजे विशिष्ट खून किंवा लूट शाबीत करण्याची गरज उरली नाही. पस्तीस वर्षांनी हेच तत्त्व संपूर्ण समूहांना लावण्यात आले. ज्याप्रमाणे या देशात विणकराचा मुलगा विणकर आणि सुताराचा मुलगा सुतार होतो, त्याप्रमाणे पिढीजात गुन्हेगारांच्याही जाती असणारच, असा युक्तिवाद त्या वेळच्या कायदे करणाऱ्यांनी केला. भारतीय समाजाविषयीचे अर्धवट ज्ञान कायद्याच्या भाषेत उतरले की ते किती घातक ठरते, याचे हे उदाहरण आहे. कारण जातीने व्यवसाय ठरतो हे अंशतः खरे असले, तरी त्यावरून चोरी हा एखाद्या जातीचा व्यवसाय आहे हा निष्कर्ष निघत नाही.

कायद्याची कलमे थोडक्यात अशी होती. एखादी जमात, टोळी किंवा वर्ग ठरावीक प्रकारचे गुन्हे करण्यास सरावलेला आहे असे प्रांतिक सरकारला वाटल्यास तो समूह ‘गुन्हेगार जमात’ म्हणून जाहीर करता येई, आणि अशा अधिसूचनेच्या योग्यतेविषयी कोणत्याही न्यायालयाला प्रश्न विचारता येत नसे. त्यानंतर त्या समूहातील माणसांची नोंदवही तयार होई, नोंदलेल्यांना हजेरी द्यावी लागे, नेमून दिलेल्या हद्दीबाहेर जायचे तर दाखला घ्यावा लागे. आरंभी हा कायदा उत्तर भारतात लागू झाला. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह ब्रिटिश हिंदुस्थानभर पसरला, बोटांचे ठसे घेण्याची तरतूद आली, आणि नोंदलेल्या व्यक्तीला विशिष्ट गुन्ह्यांत दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर किमान सात वर्षे कैद, तिसऱ्यांदा झाली तर आजन्म काळे पाणी असे ठरले. १९२४ मध्ये सर्व दुरुस्त्या एकत्र करून नवा कायदा करण्यात आला. मूळ १८७१ च्या कायद्याचा एक भाग तृतीयपंथीयांच्या नोंदणीविषयी होता, यावरूनही त्यामागची दृष्टी कळते. ज्यांचे घर, धनी आणि सारा ठरलेला नाही, जे सरकारी रकान्यांत बसत नाहीत, असे सगळेच त्या दृष्टीला संशयास्पद वाटत होते.

महाराष्ट्रात या जाळ्यात सापडलेले समूह कोण होते आणि ते तेथे कसे पोहोचले, हे पाहिल्यावाचून गुन्ह्याच्या कारणांचा विचार पुरा होत नाही. बंजारा समाजाचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून किनाऱ्यापासून पठारापर्यंत नेत. सैन्यांना रसद पुरवणारी ही लदेणी शतकानुशतके चाललेली होती. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे लोहमार्ग सुरू झाला, पुढच्या दोन दशकांत रेल्वे घाट ओलांडून दख्खनभर पसरली, मिठाच्या व्यापारावर सरकारी पकड घट्ट झाली, आणि बैलांच्या पाठीवरचा व्यापार बसला. पारध्यांचे जीवन फास लावून तितर, लावे, ससे, हरणे धरण्यावर चाले. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगले आखली गेल्यावर काल जी शिकार होती तीच आज चोरी ठरली. रामोश्यांकडे गावांची आणि किल्ल्यांची रखवाली होती. पेशवाईच्या अस्तानंतर कंपनी सरकारने ती व्यवस्था मोडली, वतने गेली, आणि उमाजी नाईकांच्या बंडाचे एक कारण त्या मोडण्यातच होते. कैकाडी टोपल्या आणि कणगी विणत, वडार दगड फोडत, जाती-पाटे घडवत. या लोकांचे जगणे फिरण्याशी बांधलेले होते, कारण एका कुटुंबाला वर्षभर काम पुरेल इतक्या टोपल्या किंवा जाती एका गावात कधीच लागत नाहीत.

आर्थिक अडचण आणि चोरी यांचा संबंध एकोणिसाव्या शतकातच आकड्यांनी दाखवला गेला होता. जर्मन संख्याशास्त्रज्ञ गेओर्ग फोन मायर याने बव्हेरियातील नोंदींवरून दाखवले की राय या धान्याचा भाव चढला की चोऱ्यांचे प्रमाण चढते आणि भाव उतरला की ते उतरते. तरीही केवळ दारिद्र्य हे गुन्ह्याचे कारण मानणे बरोबर नाही, कारण मग प्रत्येक गरीब माणूस चोर असता. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन याने १९३८ मध्ये या प्रश्नाला अधिक नेमके रूप दिले. समाज सर्वांसमोर एकच उद्दिष्ट ठेवतो, मात्र ते गाठण्याचे मान्य मार्ग काहींना मिळतात आणि काहींसाठी बंद असतात. या विसंगतीतून निर्माण होणारा ताण माणसांना नियम मोडण्याकडे ढकलतो, असे त्याचे म्हणणे होते. वर सांगितलेल्या समूहांच्या बाबतीत हे मार्ग आपोआप बंद पडले नाहीत, ते सरकारी निर्णयांनी बंद झाले, आणि ज्यांनी ते बंद केले त्यांनीच नंतर या लोकांच्या रिकाम्या हातांना गुन्हेगार म्हटले.

या समूहांतील काही कुटुंबे खरोखरच चोऱ्यांवर जगत होती, हे नाकारण्याचे कारण नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या आत्मकथनात ते वास्तव कोणताही पडदा न ठेवता आले आहे. मात्र असे सत्य सांगण्याचा अर्थ ते जन्मावर ढकलणे असा होत नाही. ज्या घरात पोराला शाळेत बसू दिले जात नाही, बापाला कोणी कामावर ठेवत नाही, शिवारात पाऊल टाकले तरी राखणदार ओरडतो, त्या घरातल्या पोराला जे कौशल्य मिळते ते त्याच्याभोवतीच्या माणसांकडूनच मिळते. एडविन सदरलंड या अमेरिकी अभ्यासकाने गुन्ह्याची रीत आणि त्यामागची समर्थने दोन्ही सहवासातून शिकली जातात असे मांडले होते. त्यानेच १९३९ मध्ये प्रतिष्ठित व्यावसायिकांच्या गुन्ह्यांकडे लक्ष वेधून असेही दाखवले की हीच शिकण्याची प्रक्रिया कंपन्यांच्या कचेऱ्यांतही चालते. तेथील अपहारांनी समाजाची हानी कितीतरी मोठी होते, तरी त्यामुळे कोणतीही जात किंवा कोणताही व्यवसाय ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर झालेला नाही. ही तफावत गुन्ह्याच्या स्वरूपातून आलेली नसून सत्तेच्या वाटपातून आलेली आहे.

कायद्याचा अंमल प्रत्यक्षात कसा होता, हे जवळून पाहणे आवश्यक आहे. मुंबई इलाख्याचे पोलीस महानिरीक्षक एम. केनेडी यांनी १९०८ मध्ये इलाख्यातील ‘गुन्हेगार वर्गां’विषयी एक मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात एकेका समूहाचा पोशाख, बोली, बिऱ्हाडाची पद्धत, हत्यारे आणि चोरीच्या रीती यांचे वर्णन प्रकरणवार दिले होते. पोलिसांच्या उपयोगासाठी लिहिलेल्या अशा पुस्तकांचा परिणाम असा झाला की गुन्ह्याच्या तपासाची सुरुवात घटनास्थळाऐवजी बिऱ्हाडापासून होऊ लागली. त्याच सुमारास मुंबई इलाख्यात वसाहती उभ्या राहू लागल्या. सोलापूर, हुबळी, गदग, विजापूर अशा ठिकाणी जाहीर जमातींची कुटुंबे कुंपणाच्या आत वसवण्यात आली. सोलापुरातल्या वसाहतीतील माणसे गिरण्यांत कामाला जात आणि परत येऊन हजेरी देत. बाहेर जाण्यास दाखला लागे आणि परतीची वेळ ठरलेली असे. कामगारांच्या मागण्या वाढत होत्या त्या काळात गिरण्यांना अशी माणसे मिळणे सोयीचे होते, कारण त्यांना गाव सोडून जाता येत नव्हते. सुधारणा हा या वसाहतींचा जाहीर हेतू होता, शाळाही चालवल्या जात. पण मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याची मुभाही कायद्यातच होती, आणि ज्या सुधारणेत माणसाला दार उघडून बाहेर जाता येत नाही तिला कैद म्हणणेच योग्य ठरते. सोलापूर शहरातील एक वस्ती अजूनही ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ या नावाने ओळखली जाते.

येथे गुन्हेशास्त्रातील एक महत्त्वाची कल्पना उपयोगी पडते. फ्रँक टॅननबॉम याने १९३८ मध्ये, एडविन लेमर्ट याने १९५१ मध्ये आणि हॉवर्ड बेकर याने १९६३ मध्ये तिचा टप्प्याटप्प्याने विकास केला. मराठीत तिला शिक्का सिद्धांत म्हणता येईल. लेमर्टच्या मते नियमभंगाचे दोन प्रकार असतात. पहिला प्रकार कोणाच्याही हातून, कोणत्याही कारणाने घडणारा, विखुरलेला आणि बहुधा विसरला जाणारा असतो. दुसरा प्रकार समाजाने त्या व्यक्तीला ‘हा असाच’ म्हणून वेगळे काढल्यावर, त्या वागणुकीला प्रतिसाद म्हणून आकार घेतो. एकदा शिक्का बसला की सन्मानाच्या जागा बंद होतात, शिक्का बसलेल्यांची सोबत उरते, आणि कालांतराने माणूस स्वतःकडेही त्याच नजरेने पाहू लागतो. या अभ्यासकांच्या डोळ्यांसमोर अमेरिकी शहरांतील पोरे होती. गुन्हेगार जमाती कायदा हा त्याच प्रक्रियेचा सरकारी आदेशाने, लाखो माणसांवर आणि पिढ्यान्‌पिढ्या केलेला प्रयोग होता.

कायद्याचे गणितही स्वतःला सिद्ध करणारे होते. हजेरी चुकवणे, दाखल्यावाचून हद्द ओलांडणे, परतीची वेळ टळणे हे सारे कायद्याखालील गुन्हे होते. आजारी बापाला पाहायला परगावी गेलेला माणूस अशा गुन्ह्यासाठी पकडला गेला की त्याच्या नावावर शिक्षेची नोंद होई, त्या नोंदी मोजून जमातीच्या गुन्हेगारीचे प्रमाण काढले जाई, आणि त्या प्रमाणावरून कायदा किती आवश्यक आहे हे दाखवले जाई. आजही गुन्ह्यांची आकडेवारी वाचताना हा धडा विसरता कामा नये. पोलिसांच्या नोंदी घडलेल्या गुन्ह्यांइतकीच पोलिसांच्या नजरेची दिशाही सांगतात, आणि जेथे पाहिले जाते तेथेच अधिक सापडते.

या धोरणाला पर्याय असू शकतो, हे त्याच काळात एका संस्थानिकाने दाखवून दिले. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात महार, मांग, रामोशी आणि बेरड यांची हजेरी बंद केली. फासेपारध्यांना तर त्यांनी जवळ बोलावून काम दिले, सोनतळी येथील आपल्या मुक्कामी पहाऱ्यावर ठेवले. चोर म्हणून ज्यांची गणना होत होती त्यांच्याच हाती राजाची राखण देण्यात केवळ दया नव्हती, त्यात गुन्ह्याच्या कारणांची अचूक पारख होती. रोजगार आणि विश्वास या दोन गोष्टी मिळाल्या की चोरीची निकड आणि चोर म्हणवून घेण्याची सक्ती दोन्ही नाहीशा होतात, हे महाराजांनी शास्त्रज्ञांच्या आधी ओळखले. दुर्दैवाने त्या दूरदृष्टीचे अनुकरण इलाख्यात झाले नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ मध्ये हा कायदा रद्द केला. अनंतशयनम अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशभर चौकशी करून तो सर्वत्र रद्द करण्याची शिफारस केली आणि ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो देशभर संपला. त्या दिवसाची आठवण म्हणून हे समाज ‘विमुक्त दिन’ पाळतात, आणि महाराष्ट्रात बेरड, भामटा, कैकाडी, कंजारभाट, बंजारा, रामोशी, वडार, छप्परबंद अशा १४ जमातींचा विमुक्त जाती हा स्वतंत्र प्रवर्ग झाला. परंतु कायदा रद्द करतानाच राज्यांनी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे करावेत, अशी वाट खुली ठेवली गेली. मुंबई राज्याचा तसा कायदा १९५९ चा आहे. तो शब्दांनी तरी जन्म पाहत नाही, माणसाला पूर्वी झालेल्या शिक्षा मोजतो. तथापि ज्यांना आधीच्या ऐंशी वर्षांत शिक्षा भोगायला लावल्या गेल्या त्यांच्याच नावावर त्या मोजल्या जाणार, हे उघड होते. त्याच वर्षीच्या भीक प्रतिबंधक कायद्याने भीक मागण्याच्या व्याख्येत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे आणि खेळ करून दाखवणे यांचे निमित्त करून पैसे मागणेही घातले. म्हणजे डोंबाऱ्याची दोरी, जोशाची पोथी आणि गारुड्याची टोपली ही पोटाची साधने पुन्हा कायद्याच्या कक्षेत आली. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पारध्याच्या फासाला उरलेली जागाही काढून घेतली. वन्यजीवांचे रक्षण आवश्यकच होते; पण फास काढून घेताना त्या हातांना दुसरे काम देण्याची जबाबदारी कोणत्याही कलमात लिहिलेली नव्हती.

आज शिक्का कसा टिकतो, याची वाट साधी आहे. तालुक्याच्या गावात घरफोडी होते, वृत्तपत्रांत बातमी येते, तपास लवकर लावण्याचा दबाव येतो. ठाण्यात ‘रेकॉर्डवरच्या’ लोकांची यादी असतेच. माळावर उतरलेल्या पालांवर पहाटे छापा पडतो आणि दोन-तीन तरुण संशयावरून ताब्यात घेतले जातात. जामीन मिळाला तरी जामीनदार लागतो, आणि जामीनदाराकडे सातबारा किंवा ऐपतीचा दाखला लागतो. ज्या नातेगोत्यात कोणाच्याही नावावर गुंठाभर जमीन नाही तेथे असा जामीनदार मिळत नाही. मग तरुण कच्च्या कैदेत राहतो, घरातली बाई वकिलासाठी महिना पाच-दहा टक्के व्याजाने पैसे उचलते, बिऱ्हाड पोराबाळांसह तालुक्याच्या न्यायालयाभोवती घुटमळते आणि मुलांची शाळा सुटते. भारतातील तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस असलेल्या कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. वर्षा-दोन वर्षांनी पुराव्याअभावी सुटलेला तरुण परत येतो तेव्हा त्याच्यावर कर्ज असते, ओळख बिघडलेली असते, आणि पुढच्या यादीत त्याचे नाव आधीपासूनच असते.

अशा नोंदीची किंमत अमेरिकेत प्रयोगाने मोजली गेली आहे. समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर हिने मिलवॉकी शहरात सारख्याच पात्रतेचे तरुण नोकरीसाठी पाठवले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार गुन्ह्याची नोंद नसलेल्या गोऱ्या उमेदवारांपैकी ३४ टक्क्यांना मालकांकडून पुढचे बोलावणे आले, नोंद सांगणाऱ्या गोऱ्यांपैकी १७ टक्क्यांना, नोंद नसलेल्या कृष्णवर्णीयांपैकी १४ टक्क्यांना आणि नोंद असलेल्या कृष्णवर्णीयांपैकी अवघ्या ५ टक्क्यांना. यातला तिसरा आकडा अधिक बोलका आहे: ज्याने काहीच केले नाही अशा कृष्णवर्णीय तरुणाला तुरुंगातून आलेल्या गोऱ्या तरुणापेक्षाही कमी संधी मिळाली. जन्माशी चिकटलेला संशय प्रत्यक्ष गुन्ह्यापेक्षा जड असू शकतो, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण आहे. ‘पारधी’ हा शब्द ऐकून भाड्याने खोली नाकारणाऱ्या घरमालकाचे वागणे याच नियमाने समजते.

या व्यवस्थेचा तोटा फक्त विमुक्तांना होतो असे मानणे चूक आहे. बेक्कारियाने सांगितलेली शिक्षेची खात्री येथेच नष्ट होते. चुकीचा माणूस पकडला गेला की खरा चोर मोकळा राहतो, पुन्हा चोरी करतो, आणि गुन्हा ‘उघडकीस आला’ अशी नोंद झाल्यामुळे त्याचा शोधही थांबतो. दुसरीकडे, विमुक्त स्त्रीवर अत्याचार झाला किंवा पालांना आग लावली गेली, तरी ठाण्याची पायरी चढण्याचे धाडस होत नाही, कारण तेथे तक्रारदार आणि संशयित यांच्यातला फरक राहील याची शाश्वती नसते. असे गुन्हे नोंदीबाहेर राहतात आणि ते करणारे निर्ढावतात. न्यायाची गरज तर उरतेच, म्हणून जातपंचायत तिची जागा घेते. तिचे निवाडे अनेकदा बायकांच्या शरीरावर आणि गरिबाच्या दंडावर भागवले जातात. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये कायदा केला, ते योग्यच झाले. तरीही ज्या समाजाला पोलीस ठाणे आपले वाटत नाही त्याच्यावरची पंचायतीची पकड केवळ कायद्याने सुटत नाही.

संशय जेव्हा समाजाच्या अंगवळणी पडतो तेव्हा त्याला पोलिसांचीही गरज राहत नाही. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी आठवड्याच्या बाजारात आलेल्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे होते, भिक्षा मागत फिरत होते, आणि त्यांच्यातले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे होते. मोबाइलवरून पसरलेली अफवा हे तत्काळ कारण होते. मात्र अफवेला इतक्या सहज खरे मानणारी मने तिच्या आधी तयार झालेली होती. फिरता माणूस म्हणजे धोका, ही १८७१ च्या कायद्यातील समजूत दीडशे वर्षांत गावकऱ्यांची स्वतःची झाली होती. त्या दिवशी गुन्हेगार जमाव होता, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक जण घरदार असलेला, एरवी कायदा पाळणारा माणूस होता.

शिक्का पुसण्याचे प्रयत्न सर्वांत आधी या समाजांतूनच झाले. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’, भीमराव गस्ती यांचे ‘बेरड’ आणि गायकवाडांचे ‘उचल्या’ या आत्मकथनांनी मराठी वाचकाला पालाच्या आतून जग दाखवले. महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी १९९८ मध्ये विमुक्तांच्या हक्कांसाठी देशव्यापी गट उभारला. बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात खेडिया शबर समाजातील एका तरुणाचा पोलीस कोठडीत झालेला मृत्यू हे त्याचे निमित्त होते. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी येथे पारधी आणि इतर भटक्या समाजांतील मुलांसाठी निवासी शाळा उभी राहिली. त्या कामातील गिरीश प्रभुणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. मुलाला एका जागी आठ-दहा वर्षे शिकता येणे, ही गोष्ट फिरत्या कुटुंबाच्या दृष्टीने किती मोठी आहे हे स्थिर घरात वाढलेल्याला चटकन उमजत नाही.

सरकारी आधार मात्र कागदाशी अडतो. महाराष्ट्रात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींच्या जातप्रमाणपत्रासाठी २१ नोव्हेंबर १९६१ ही मानीव तारीख धरली जाते, म्हणजे त्या तारखेपूर्वी कुटुंब राज्यात राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांचे आजोबा त्या वर्षी एका शिवारातून दुसऱ्या शिवारात फिरत होते, ज्यांचा जन्म पालात झाला आणि मृत्यू रस्त्याच्या कडेला, त्यांच्या घरात शाळेचा दाखला नाही, घरपट्टीची पावती नाही, सातबारा तर नाहीच. त्यांच्या पूर्वजांची खात्रीशीर लेखी नोंद बहुधा एकाच ठिकाणी सापडते, पोलिसांच्या जुन्या दप्तरात. प्रमाणपत्राअभावी शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि घरकुल या तिन्ही गोष्टी अडतात, आणि मर्टनने सांगितलेले मान्य मार्ग दुसऱ्या पिढीसाठीही बंदच राहतात. २००८ मध्ये बाळकृष्ण रेणके आयोगाने आणि २०१८ मध्ये भिकू रामजी इदाते आयोगाने या समाजांच्या स्थितीविषयी केंद्राला अहवाल दिले. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने २००७ मध्येच सराईत गुन्हेगार कायदे रद्द करण्याची सूचना भारताला केली होती.

नव्या फौजदारी कायद्यात एक आशादायक तरतूद आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी पहिल्यांदाच केलेल्या व्यक्तीने ऐवज किंवा त्याची किंमत परत केल्यास तिला तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा देण्याची सोय केली आहे. पहिल्या चुकीनंतर शिक्का बसू नये, हाच लेमर्टचा विचार तिच्यात दिसतो. विमुक्त तरुणाला तिचा लाभ मिळायचा असेल तर ‘पहिल्यांदा’ हा शब्द प्रामाणिकपणे लावला गेला पाहिजे, आणि त्यासाठी संशयावरून झालेल्या जुन्या अटकांचे ओझे त्याच्या नावावर नसले पाहिजे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील एका प्रकरणात पोलिसांच्या संशयितांच्या नोंदींविषयी बजावले की, केवळ मागास समाजातील जन्मामुळे कोणाचेही नाव त्यांत यांत्रिकपणे घालू नये.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने तुरुंगांतील जातीय भेदभावाविषयीच्या याचिकेवर निकाल देताना हा विषय पुढे नेला. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत भटक्या किंवा ‘गुन्हेगार’ जमातींचे कैदी स्वभावतः पळून जाणारे किंवा सराईत आहेत असे गृहीत धरणारी कलमे त्या दिवसापर्यंत शाबूत होती. मूळ कायदा जाऊन ७२ वर्षे झाली तरी त्याची भाषा तुरुंगाच्या भिंतींआड टिकून होती. न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली, कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले, नियमावल्या दुरुस्त करण्यासाठी राज्यांना तीन महिन्यांची मुदत दिली, आणि विमुक्त समाजांतील व्यक्तींना मनमानी अटक होणार नाही याची काळजी घेण्याचे आदेश पोलिसांना दिले. या शेवटच्या आदेशाची अंमलबजावणी दिल्लीत किंवा मुंबईत ठरणार नाही. ती तालुक्याच्या ठाण्यात, पहिल्या घरफोडीनंतरच्या पहाटे, तपासाची गाडी कोणत्या रस्त्याने निघते यावर ठरणार आहे.